साखळीत कर्ता कुठे असतो?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अलीकडे एक प्रकरण हमखास असतं. शीर्षक थोडं इकडे-तिकडे, मजकूर तोच: आधुनिक जागतिक उद्योगांसमोरील आव्हानं. त्यात पहिला मान पुरवठा साखळीच्या गुंतागुंतीला. कापूस एका देशातला, सूत दुसऱ्या देशातलं, शिलाई तिसरीकडे, विक्री चौथीकडे. मध्ये एजंट, उप-कंत्राटदार, बँका, जहाज कंपन्या, ऑडिटर. एवढ्या पसाऱ्यावर बिचाऱ्या कंपनीनं लक्ष ठेवायचं तरी कसं? बीएमएस, बीबीए करणारी आमच्या शाळेची जुनी मुलं-मुली प्रोजेक्टची भाषा तपासून घ्यायला माझ्याकडे येतात. (भाषेच्या शिक्षकाला हे काम जन्मभर फुकट करावं लागतं, त्याची तक्रार नाही.) जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही सहानुभूती असतेच. मुलांचे वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणारी, आणि मुलगा वीस पानं भरून युरोपातल्या कंपनीची अडचण समजावून सांगतो.

मला ही अडचणच मान्य नाही. साखळीची गुंतागुंत कंपन्यांवर आकाशातून कोसळलेली नाही. ती त्यांनी ठरवून उभी केलेली आहे, तिच्यातून त्यांना पैसा मिळतो, आणि अपघात झाला की तीच त्यांना वाचवते. पुस्तक जिला आव्हान म्हणतं ते कंपनीचं धोरण आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हे मला आधी व्याकरणात दिसतं. उर्दूत कर्मणी प्रयोगाच्या क्रियापदाला ‘फेल-ए-मजहूल’ म्हणतात. मजहूल म्हणजे अज्ञात, ज्याचा पत्ता नाही असा. उलट कर्ता समोर उभा असतो तेव्हा ते ‘फेल-ए-मारूफ’, म्हणजे ओळखीचं. मराठीत ‘करण्यात आले’ हे वळण आहे, सरकारी परिपत्रक हे त्याचं माहेर. आता कुठल्याही बड्या ब्रँडचा अहवाल काढा. ‘ऑर्डर्स रद्द करण्यात आल्या.’ ‘पुरवठादाराशी संबंध थांबवण्यात आले.’ ‘त्रुटी आढळून आल्या.’ नववीच्या वर्गात मी विचारतो, या वाक्यात कर्ता कोण? मुलं शोधतात, सापडत नाही. कारण वाक्य त्यासाठीच तसं लिहिलेलं असतं. कंपन्यांनी एवढंच केलं, की वाक्यरचनेची ही युक्ती कारखान्यांच्या रचनेत आणली.

कराचीचं उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर २०१२ रोजी बलदिया टाऊनमधल्या ‘अली एंटरप्रायझेस’ या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार मेले. बाहेर पडायचे मार्ग बंद होते, खिडक्यांना गज होते. या कारखान्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता ‘किक’ नावाचा जर्मन ब्रँड, स्वस्त कपडे विकणारा. या आगीच्या तीनच आठवडे आधी कारखान्याला ‘एसए ८०००’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षितता हा या प्रमाणपत्राच्या निकषांतला एक निकष आहे.

हे प्रमाणपत्र आलं कसं तेही पाहा. मानक एका अमेरिकन संस्थेचं. प्रमाणपत्र देणारी कंपनी इटालियन. प्रत्यक्ष पाहणी त्या इटालियन कंपनीच्या वतीनं एका स्थानिक कंपनीनं केली. म्हणजे शिलाईचं काम जसं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, तसं तपासणीचं कामही गेलं. कपडा एक साखळी पार करून युरोपात पोहोचला, आणि कागद दुसरी साखळी पार करून कराचीत. आग लागल्यावर या सगळ्यांकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. एवढे सगळे निर्दोष आणि अडीचशे मुडदे, हा हिशेब कुठल्या गणितात बसतो?

मेलेल्यांच्या कुटुंबांपैकी तिघं आणि वाचलेला एक कामगार, असे चौघे जर्मनीत डॉर्टमुंडच्या न्यायालयात गेले. किकचं म्हणणं असं, की कारखाना स्वतंत्र आहे, आम्ही फक्त खरेदीदार. जानेवारी २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला, कारण पाकिस्तानच्या कायद्यानुसार मुदत उलटून गेली होती. माल जर्मनीत येतो, नफा जर्मनीत मोजला जातो, खटला जर्मनीत चालतो, आणि मुदतीचा कायदा मात्र पाकिस्तानचा. न्यायालयाची चूक काढण्याइतका मी वकील नाही, ते कायद्याच्या चौकटीतच असेल. माझा मुद्दा चौकटीचाच आहे. सरहद्दी मजुराच्या वाट्याला आडव्या येतात आणि मालाच्या वाट्याला उघडतात, हे साखळी आखणाऱ्याला आधीपासून माहीत असतं.

इथे एक प्रतिवाद येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२० मध्ये कराचीच्या दहशतवादविरोधी न्यायालयानं निकाल दिला की ती आग अपघात नव्हती. खंडणी मिळाली नाही म्हणून लावलेली होती. दोघांना मृत्युदंड सुनावला गेला. मग ब्रँडचा काय दोष? असं विचारणाऱ्याला मी एवढंच म्हणेन, की आग कुणी लावली हा एक प्रश्न आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. लंडनच्या ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या संशोधक गटानं २०१८ मध्ये संगणकावर त्या इमारतीची प्रतिकृती करून हाच दुसरा प्रश्न तपासला. साध्या साध्या सोयी असत्या तर कितीतरी लोक वाचले असते, हे त्यातून दिसलं. कुलपं खंडणीखोरांनी लावलेली नव्हती. आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या पाहणीचा विषय नेमका तोच होता.

कराचीनंतर अडीच महिन्यांनी, २४ नोव्हेंबर २०१२ ला, ढाक्याजवळ आशुलियात ताझरीन फॅशन्स जळाली. किमान ११२ मृत्यू. तिथे वॉलमार्टचा माल सापडला. वॉलमार्टचं स्पष्टीकरण असं, की आमच्या पुरवठादारानं आमच्या परवानगीशिवाय तिथे काम दिलं होतं. मानलं. पण त्याच कारखान्याला आदल्या वर्षी वॉलमार्टच्याच ऑडिटमध्ये धोक्याचा शेरा मिळालेला होता. धोका माहीत होता, दाखल होता, रंग लावून फायलीत ठेवलेला होता. माहितीअभावी काही घडलं असं म्हणायला जागा नाही.

आणि मग राणा प्लाझा. २३ एप्रिल २०१३ ला साभारमधल्या त्या आठमजली इमारतीला तडे गेले. खालच्या बँकेनं आपले कर्मचारी घरी पाठवले, दुकानं बंद झाली. वरच्या पाच गारमेंट कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं गेलं. (बघा, मीही कर्मणीत घसरलो. नीट लिहितो: कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी बोलावलं, आला नाहीत तर पगार कापू असं धमकावून.) वीज गेली, वरचे जनरेटर सुरू झाले, आणि इमारत बसली. १,१३४ माणसं मेली, बहुतेक तरुण बायका. त्या इमारतीतल्या कारखान्यांचंही सामाजिक ऑडिट झालेलं होतं. ऑडिट करणाऱ्यांचं म्हणणं, इमारतीचं बांधकाम पाहणं आमच्या कक्षेत नव्हतं.

एक प्रश्न मला सतावतो. बँकेच्या कारकुनाला सुट्टी आणि शिवणाऱ्या बाईला हजेरी, हा फरक कुठून आला? तडा तर एकच होता. फरक असा, की बँकेला त्या आठवड्यात जहाज गाठायचं नव्हतं. गारमेंटच्या धंद्यात माल ठरल्या तारखेला निघाला नाही तर खरेदीदार किंमत कापतो, किंवा विमानानं पाठवायला लावतो आणि विमानाचं भाडं कारखान्याच्या माथी मारतो. ती तारीख ढाक्यात ठरत नाही. धमकी व्यवस्थापकाच्या तोंडातून निघाली, हे खरं. पण तारखेचं ओझं त्याच्या डोक्यावर कुणी ठेवलं, हेही त्याच वाक्यात यायला हवं.

आता गुंतागुंतीकडे परत येऊ. कंपनीला साखळीत खालपर्यंत दिसत नाही म्हणतात. मग कॉलरचा टाका तिरका असला तर तो कसा दिसतो? दर्जा तपासणारा निरीक्षक ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे खोक्यांतून नमुने काढतो, मर्यादेपेक्षा जास्त खोट निघाली तर अख्खा लॉट परत करतो. रंगाची छटा अर्ध्या पैशानं बदलली तर ढाक्यात फोन वाजतो. कोणता शर्ट कोणत्या खोक्यात, कोणत्या जहाजावर, कोणत्या दिवशी कुठल्या बंदरात, हे युरोपातल्या कचेरीत बसून सांगता येतं. नजर एवढी तेज आहे, की बटण दिसतं. बटण लावणारी दिसत नाही. याला मी दृष्टिदोष म्हणणार नाही, ही निवड आहे.

आणि ती निवड बदलता येते, याचा पुरावाही राणा प्लाझानंतर लगेच मिळाला. मे २०१३ मध्ये जागतिक आणि बांगलादेशी कामगार संघटनांनी ब्रँड्सबरोबर ‘अकॉर्ड’ नावाचा करार केला. त्याआधी असायच्या त्या स्वेच्छेच्या आचारसंहिता, भिंतीवर टांगायच्या. हा करार कायद्यानं बांधणारा होता, मोडला तर लवादापुढे जाता येत होतं. पुढे दोनशेहून अधिक ब्रँड्सनी सह्या केल्या. सोळाशेहून अधिक कारखाने खऱ्याखुऱ्या इंजिनिअरांनी तपासले, कारखान्यांची नावं आणि त्रुटी जाहीर केल्या. २०१८ च्या सुरुवातीला एका ब्रँडला लवादातल्या तडजोडीत दीडशेहून अधिक कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी तेवीस लाख डॉलर मोजावे लागले. ज्या साखळीचा थांगपत्ता लागत नव्हता ती काही महिन्यांत यादीत मावली! तंत्रज्ञान बदललं नव्हतं, साखळी छोटी झाली नव्हती. सही खाली आली होती, एवढाच बदल. नायकीनं तर २००५ मध्येच आपल्या कारखान्यांची यादी जाहीर केली होती, तीही १९९० च्या दशकात जगभर नाचक्की झाल्यानंतर.

सुरक्षेचा खर्च वाढला तर धंदा पळून जाईल, ही भीती तेव्हाही दाखवली गेली होती. बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर होती. २०१८-१९ मध्ये ती ३४ अब्जांवर गेली. धंदा पळाला नाही. ब्रँड गेले असते तर त्या चाळीस लाख कामगारांनी काय खाल्लं असतं, असं विचारणाऱ्यांना ब्रँड जायला कुणीच सांगत नाही हे ऐकू येत नाही. राहा, पण दरवाजाची किल्ली कुणाकडे आहे ते बघून राहा.

अकॉर्डनं इमारती सुधारल्या. खरेदीचा करार सुधारला नाही, आणि ते मार्च २०२० मध्ये उघडं पडलं. कोरोना आला, युरोप-अमेरिकेत दुकानं बंद झाली. बांगलादेशच्या गारमेंट निर्यातदारांच्या संघटनेनं सांगितलं, की तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर्स रद्द किंवा स्थगित झाल्या आहेत. त्यातला कितीतरी माल शिवून तयार होता, किंवा मशीनवर होता. या धंद्यात कारखानदार आधी उधारीवर कापड घेतो, मजुरी देतो, माल पाठवतो, आणि खरेदीदार पैसे देतो नंतर, कधी साठ, कधी नव्वद दिवसांनी. म्हणजे जगातले श्रीमंत ब्रँड ढाक्यातल्या कारखानदाराच्या उसनवारीवर चालतात. करारात ‘दैवी आपत्ती’चं कलम होतं, त्यावर बोट ठेवून अनेकांनी हात वर केले. जगभर बोंब झाल्यावर बऱ्याच ब्रँड्सनी तयार मालाचे पैसे द्यायचं कबूल केलं, काहींनी तर लवकरच. पण आपत्ती सगळ्यांवर असताना तिचा पहिला हप्ता कुणी भरायचा, हे करारानं आधीच ठरवून ठेवलं होतं. व्यवस्थापनशास्त्रात याला जोखीम व्यवस्थापन म्हणतात. माझ्या आजीच्या भाषेत याला आपली टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर म्हणत.

आता थोडं आपल्याविषयी. कराचीत काय आणि ढाक्यात काय, कारखान्याचा मालक मुसलमान, मजूर मुसलमान. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर परदेशी ब्रँडविरुद्ध संताप फार लवकर पेटतो आणि बाकी सगळी वेळ मालक ‘आपलाच माणूस’ असतो. जुम्याला एकाच सफेत उभं राहिल्यानं इमर्जन्सीच्या दाराचं कुलूप उघडत नाही. स्थानिक मालकाला सोडून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला तुरुंग हवा, तडे झाकणाऱ्या इमारतमालकालाही हवा, डोळे मिटणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही हवा. माझं भांडण एवढंच आहे, की यादी तिथेच थांबते. ब्रँडला नेमकं हेच पाहिजे असतं: आपल्या आणि मजुराच्या मध्ये एक असा माणूस, ज्याच्यावर सगळ्यांना मनापासून चिडता येईल.

हे परदेशात शिकायला जायची गरज नाही. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईच्या मालकांनी भिवंडीच्या लूमवर काम वळवलं, तेव्हा आउटसोर्सिंग हा शब्द आपल्या कुणाच्या कानावरही नव्हता. तो संप मोडायला आपले लूम वापरले गेले, आणि आपल्याला वाटलं बरकत आली. लूमच्या धंद्याची रचना आजही तीच आहे. सूत व्यापाऱ्याचं, लूम मालकाचा, मजूर कुणाचाच नाही. मजुरी पिकावर, वीजबिल मालकावर, कापडाचा भाव पडला की तो खाली खाली झिरपत शेवटी मजुराच्या आठवड्याच्या हिशेबात येऊन थांबतो. एकाच पत्र्याखाली चार नावांनी चार कारखाने दाखवायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कामगारांची संख्या कायद्याच्या आकड्याखाली राहते. गुंतागुंत इथेही आहे, आणि इथेही ती मालकाला आव्हान वाटत नाही.

युरोपात कायदे येऊ लागलेत, हे चांगलं आहे. फ्रान्सनं २०१७ मध्ये केला. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, कराचीचं नाव त्याच्या चर्चेत पुन्हा पुन्हा आलं होतं. २०२४ मध्ये युरोपीय संघानं सगळ्या सदस्य देशांसाठी निर्देश मंजूर केला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत युरोपीय आयोगानंच तो सैल करायचा प्रस्ताव मांडला. कंपन्यांवरचा बोजा कमी करायचा, म्हणून तपासणी मुख्यतः थेट पुरवठादारापुरती ठेवा, असं त्यात होतं. या प्रस्तावाचं घोषवाक्य काय असावं? सुलभीकरण. साखळी एवढी गुंतागुंतीची की माणसं कुठे मेली ते कळत नाही, असं इतकी वर्षं ऐकत आलो. कायदा दाराशी आला, तेव्हा गोष्टी सोप्या करायचा उत्साह एका वर्षात आला. पण थेट पुरवठादार कोण असतो? वातानुकूलित कचेरीतला तो, ज्याच्याकडे चांगलं इंग्रजी आणि ताजं प्रमाणपत्र असतं. ताझरीन थेट पुरवठादार नव्हती.

आपल्या मोहल्ल्यांत हल्ली करिअर मार्गदर्शनाचे मेळावे होतात, मॅनेजमेंटचे प्राध्यापक येतात, यशस्वी कंपन्यांच्या गोष्टी सांगतात. मुलांनी मॅनेजमेंट शिकावं, जरूर शिकावं. उद्या ढाक्याच्या किंवा तिरुपूरच्या कारखान्याला ईमेल करणाऱ्या खुर्चीत आमची मुलगी बसलेली मला हवीच आहे. त्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. ‘आव्हानं’ या विषयावर प्रोजेक्ट देणं एक वर्ष थांबवा. त्याऐवजी मुलांना एका शर्टाचा खरेदी करार कल्पून लिहायला लावा. किंमत किती, ऑर्डर आणि जहाज यांच्यात दिवस किती, उशीर झाला तर दंड कुणाला, ऑर्डर रद्द झाली तर कापलेल्या कापडाचे पैसे कोण देणार, तपासणीला येणाऱ्याची फी कोण भरणार, आणि रात्रपाळीत जिन्याच्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात राहणार. प्रत्येक वाक्य कर्तरी प्रयोगात लिहायची अट घाला. भाषा तपासून द्यायला मी आहेच.